आईला शून्य गुण

आदरणीय मेदेरदादा,

काराकोलहून धाकट्या सायरागुलचा सलाम. तू, वहिनी आणि तुझा तो कुरकुरणारा गुडघा मॉस्कोत सुखरूप असाल असं धरून चालते.

बाबांना जाऊन चार महिने झाले, आई खरंच सावरली आहे का ते नीट बघून कळव, सावरली असेल तर मी वसंतापर्यंत इकडेच थांबतो, असं तू लिहिलंस. नेमका त्याच आठवड्यात आमच्या दवाखान्यात राजधानीतून मनाचं दुःख मोजायचा कागद आला. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. किरगिझ, दुंगान, रशियन, सगळ्यांना एकच. (तुला माहीत आहे, मला असल्या गोष्टींची भारी हौस.) आधी शेजारच्या वालेन्तिना सेम्योनोव्हनांना विचारलं. प्रत्येक प्रश्नाला उसासा टाकून, "नेहमी गं, नेहमी!" चाळीसपैकी चाळीस गुण. मी घाबरले, तर बाई गुणगुणत जर्दाळूचा मुरंबा ढवळायला गेल्या. वर म्हणाल्या, "एवढ्या आपुलकीनं विचारतेस, चार दुःखं सांगितल्याशिवाय तुला रिकाम्या हाती कशी पाठवू?" मग जुमाबाय आजोबा. त्यांचा घोडा चोरीला गेलाय, तीन दिवस ते जेवलेले नाहीत. निराश वाटतं का, विचारलं तर म्हणाले, "समोर चहा आहे, पोरी. तक्रार केली तर अल्लाला काय तोंड दाखवू?" गुण शून्य. हा कागद दुःख मोजतो की रीतभात, असं मी राजधानीतल्या डॉक्टरांना कळवलं. एवढी रीतभात असेल तर तुमचा तालुका भाग्यवान आहे, असं त्यांचं उत्तर आलं.

शेवटी आईला बसवलं. तिनं आधी मला जेवू घातलं आणि मग दहाही प्रश्नांना "शुकूर, बरं आहे" म्हणाली. नंतर कागद हिसकावून तेच प्रश्न मला विचारले. मला एकोणीस मिळाले, तेव्हापासून ती मला दोन वेळा मटणाचं सूप पाजते. तेव्हा कागदाप्रमाणे आई ठणठणीत आहे.

तुझी,
सायरागुल

ता.क. वालेन्तिनाबाईंनी तुझ्यासाठी मुरंबा ठेवलाय.

ता.क. आणखी एक, ते कागदात विचारलेलंच नाही. गेलेल्यांना वास पोचावा म्हणून कणकेचे बोरसोक आपण गुरुवारी तळतो, हो ना? आई रोज तळते, दादा. शेजारीही आता घ्यायचे थांबलेत. काल विचारलं तर म्हणाली, "परवा वारा उलटा होता गं, त्यांना पोचलं नसेल." तू शून्यावर जाऊ नकोस. तिकीट काढ.