ओर्नेलाच्या सीटची उंची

निवेसताई,

दुइलिओचा नमस्कार. मांतोवाला सुखरूप पोचलो. दोन्ही वेळा जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? तुझ्या मारिकाला ओर्नेलाची सायकल द्यायला मी नाही म्हणालो, त्याचा राग धरू नकोस.

कालव्याकाठचा रस्ता ओर्नेला म्हणायची तसाच आहे, सपाट आणि गाड्यांविना. पण आपल्या डोंगरात चढानंतर उतार तरी येतो. इथे सतत पाय मारावे लागतात. दमतो.

सायकलची सीट मी ओर्नेलाच्या उंचीवरच ठेवली होती. काल वाटेत गोइतो गावात सायकल दुरुस्त करणारे लेआर्कोकाका हसले, "अहो, गुडघे कानाला लागतायत! बायकोची पळवलीत काय?"

"तिचीच आहे. मार्चमध्ये गेली ती."

त्यांनी पाना उचलला. मग म्हणाले, "थांबा, आधी खूण करू." सीटच्या दांडीवर काळी पट्टी गुंडाळून मगच त्यांनी सीट वर घेतली. "पट्टीपर्यंत खाली आणली की त्यांची उंची परत मिळेल."

आता गुडघे दुखत नाहीत. रविवारी येतो. मारिकाला सांग, सायकल तिचीच. ती ओर्नेलाएवढीच आहे ना? पट्टीपर्यंत सीट खाली घेतली की तिला बरोबर बसेल.

आईला जप.

तुझा भाऊ,
दुइलिओ