वादीवरचा शुक्रवार

आप्पा,

या वर्षी थंडी जायचं नाव घेत नाही. मार्च अर्धा सरला तरी माबेलाच्या आमच्या घरात सकाळी फरशीला पाय लावणं नको वाटतं, आणि आत ठेवून दिलेली गोधडी मी दोनदा बाहेर काढली. इतकी लांबलेली थंडी मी मस्कतमध्ये याआधी एकदाच पाहिली होती, मी अकरा वर्षांची असताना, तुमचा हात भाजला त्या वर्षी. पण लिहायला बसले ते थंडीमुळे नाही. गेल्या शुक्रवारी चाचांची मुलगी घरी येऊन गेली. तिचं पुढे सांगते. आधी त्या दिवसांबद्दल बोलायचं आहे, कारण आपण दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही, आणि आता तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली.

वादी कबीर वस्तीतल्या आपल्या दोन खोल्या मला अजून दिसतात. खाली गॅरेजांची रांग, दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज, आणि जिन्यात कायम रंगाचा वास. तुम्ही ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करायचात. एका ट्रेलरचा ड्रायव्हर गाडी थंड झाली आहे म्हणाला, तुम्ही झाकण फिरवलं, आणि उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. पट्ट्या निघाल्या तेव्हा हाताची कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली होती, आणि बोटं एखादा पेला धरल्यासारखी अर्धवट वाकून राहिली होती. ती ना पुरती उघडायची, ना मिटायची. गॅरेजचा मालक, अर्बाब, भला माणूस होता, हात बरा होईपर्यंत थांब म्हणाला. पण थंडीने ती कातडी सारखी चिरायची. आई सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावायची आणि तुम्ही हात तिच्या मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायचात. शाळेतून आले की तुम्ही त्याच जागी असायचात. मला घरी यावंसं वाटायचं नाही, हे आज लिहिते आहे.

तुम्हाला त्या खोलीतून बाहेर काढलं चाचांनी. शेजारच्या गॅरेजात गाड्या रंगवणारे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, खाडीत पोहत वाढलेले. बायको आणि चार वर्षांची मुलगी गावी. जेवायला आपल्याकडे यायचे आणि आईला वहिनी म्हणायचे. तुम्ही एकदा जेवताना म्हणालात, इथे समुद्राचा मासा हवा तेवढा मिळतो, पण गावच्या ओढ्यातल्या, पऱ्ह्यातल्या माशाची चव गेली ती गेलीच. चाचांनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी पिकअप आणली आणि आपल्याला डोंगरात, दीड तासावरच्या एका वादीत नेलं. इथल्या बहुतेक वाद्या म्हणजे दगडगोट्यांची कोरडी पात्रं, पण ही वर्षभर वाहायची. दोन्ही बाजूंना तांबूस कडे, मध्ये हिरवं-निळं पाणी, एका डोहातून दुसऱ्यात सावकाश उतरणारं, काठाला खजुरी आणि गुलाबी कण्हेर. तुम्ही पाण्याशी उकिडवे बसलात, चूळभर पाणी डाव्या हाताने तोंडाला लावलंत आणि म्हणालात, गोडं आहे. कितीतरी आठवड्यांनी तुमच्या तोंडून असा आनंदाचा शब्द ऐकला.

मग दर शुक्रवारी जायचं ठरूनच गेलं. तुम्ही डाव्या हाताने दोर टाकायचात. गळाला कणकेची गोळी लावायचं काम माझं, कारण तुमच्या बोटांत ती धरत नव्हती. हळद घालून कणीक कशी घट्ट मळायची, मासा नुसता चाखतोय की खरंच गिळतोय हे दोराला बोट लावून कसं ओळखायचं, हे तुम्ही मला तिथे शिकवलंत. पाणी इतकं गार असायचं की पाय बधिर व्हायचे. चाचा मासे धरत नसत. ते खडकावर अंथरूण टाकून पडायचे, चहा करायचे आणि तुम्हाला चिडवायचे, की एवढ्याशा माशासाठी एवढं पेट्रोल आपला कोकणातला माणूसच जाळेल. तुम्ही हसायचात. तो हिवाळा तुम्ही काढलात तो त्या शुक्रवारांवर.

शेवटच्या शुक्रवारी आपण पलीकडच्या काठावर बसलो होतो. घोटाभर पाणी ओलांडून जावं लागायचं. आपल्या डोक्यावर ऊन होतं, पण दुपारी चाचांनी वर डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, तिकडे काळं झालंय, यल्ला, निघू या. तुम्ही म्हणालात, एक लागू दे. तेव्हा मी माझा पहिला मासा काढला, कुणाची मदत न घेता. तो डब्यात टाकला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, भाजलेलाच. थोड्या वेळाने पाणी गढूळ झालं. तुमचा चेहरा बदलला. सगळं इथेच सोडा आणि चला, असं तुम्ही म्हणालात, आणि आपण तिघं पाणी ओलांडून अलीकडे आलो. पाणी माझ्या पोटरीपर्यंत होतं. आलो, आप्पा. तिघंही सुखरूप अलीकडे आलो होतो.

आणि मी परत वळले. डबा पलीकडे दगडावर राहिला होता. आईला मासा दाखवायचा होता, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्ही पिकअपकडे चढत होतात, तुमची पाठ होती. मी मधोमध पोचते तोवर पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीवर, आणि एक आवाज यायला लागला, जसा लांबून ट्रक येतो. मला पाय उचलता येईना. चाचा मागून आले. त्यांनी मला कमरेला धरून उचललं आणि जवळजवळ फेकलंच काठाकडे. तुम्ही धावत खाली आला होतात. डाव्या हाताने माझा दंड पकडलात आणि उजवा हात त्यांच्याकडे लांबवलात. चाचांनी तो पकडला. मी बघत होते. तुमची बोटं मिटली नाहीत. त्यांचा हात तुमच्या गुळगुळीत कातडीवरून सरकला, मनगटाकडून पंजाकडे, पंजाकडून बोटांच्या टोकाकडे. ते ओरडले नाहीत. तुमच्याकडे बघत होते. मला सोडून तुम्ही डावा हात दिला असतात तर ते वाचले असते, हे तुम्हाला कळत होतं आणि मला वाटतं त्यांनाही.

दोन दिवसांनी ते खालच्या गावाजवळ सापडले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने विचारलं, आभाळ दिसत होतं तर थांबलात कशाला. मी दारात उभी होते, ओल्या कपड्यांत थरथरत. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मीच थांबवलं. चाचा माझा दोर काढायला परत गेले. पोरगी तर कधीची निघू या म्हणत होती." मी तोंड उघडलं नाही. आईने मला जवळ घेतलं, अंगावर कोरडा टॉवेल गुंडाळला, आणि मी तिच्या कुशीत शिरले. पोलिसांनाही तुम्ही तेच सांगितलंत. सुट्टीत गावी गेलात तेव्हा चाचांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोलाही तेच. आई सांगायची, त्या बाईने तुम्हाला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की आता पुन्हा येऊ नका.

त्यानंतर तुम्ही कधी गळ हातात धरला नाही. डाव्या हाताने रेडिएटरला झाळकामाचे डाग द्यायला शिकलात आणि आणखी बरीच वर्षं काम केलंत. घरात नदीतला मासा आला नाही. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा विमानतळावर धीर करून म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी मी..." तुम्ही माझी बॅग खाली ठेवलीत. "ती गोष्ट माझी आहे," म्हणालात, "तुझी नाही. पुन्हा बोलायचं नाही." तुम्ही मला आयुष्यात फार रागावला नाहीत, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा मला वाटलं तुम्ही मला माफ केलंत. आता वाटतं, तुम्हाला ती गोष्ट एकट्यालाच हवी होती, कारण दोघांनी वाटून घेतली असती तर मी तिच्याखाली मोडले असते. तुम्ही मोडलात ते हळूहळू, कुणाला दिसणार नाही असे. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचले. तुमचा उजवा हात चादरीबाहेर होता आणि बोटं तशीच अर्धी वाकलेली होती. मी त्यांत माझी बोटं घालून बघितली.

चाचांची मुलगी आता मस्कतमध्येच, दार्सैतला राहते, तीन महिन्यांपूर्वी नोकरीला आली. तिच्या गावच्या एका माणसाने माझा नंबर दिला. तिने आईच्या हातचे तांदळाचे लाडू आणले होते. डोळे चाचांचे आहेत. वडिलांचा चेहरा आठवत नाही म्हणाली. चहा अर्धा झाल्यावर तिने कप खाली ठेवला. "ताई, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "तुम्ही तिथे होता. मला फक्त विचारायचंय, अब्बांना पाणी कळायचं, सगळं गाव सांगतं. मग ते परत पाण्यात का गेले?"

आप्पा, मला वाटलं होतं की कधी कुणी विचारलं तर मी सांगेन. मी चाळिशीची आहे, माझी मुलगी आज तेव्हा मी होते त्या वयाची आहे. ती आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी चाचांच्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या वडिलांचा दोर पलीकडे राहिला होता. त्यांनी हट्ट केला."

तिने कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, अम्मीपण हेच सांगते. डोळे पुसले, जाताना माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा येईन म्हणाली. दार लावल्यावर मुलीने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "आई, आंटी का रडली?" तिला सर्दी आहे, असं मी सांगितलं. लाडवांचा डबा अजून उघडलेला नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बरं केलंस, गोष्ट माझीच आहे. म्हणूनच मी तुम्हाला लिहिते आहे. हे सगळं खरं तर चाचांच्या मुलीला लिहायला हवं होतं, तिचा नंबर फोनमध्ये आहे, आणि हे मला पहिली ओळ लिहितानाच माहीत होतं.