अर्धा तास जुना आकडा

मंगळवार, शिरूर

रफिकमामांची सून आता बरी आहे, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. मामा आमचे मांडवगणचे जुने शेजारी. आज सकाळी सुनेला उसात साप चावला. तालुक्यातल्या कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन शिल्लक आहे, ते मी बनवलेल्या वेबसाईटवर दिसतं. जवळच्या दवाखान्याच्या नावापुढे दहा दिसली, म्हणून मामा तिकडे धावले. तिथे एकही नव्हतं. सिस्टरने ताबडतोब गाडी करून शिरूरला पाठवलं, म्हणून निभावलं.

दुपारी मी नोंदी उघडून पाहिल्या. दहाही संपताच सिस्टरने साईटवर शून्य भरलं होतं. पण माझा सर्व्हर आकडे एकदा वाचून अर्धा तास मेमरीत ठेवतो आणि तेच दाखवत राहतो. पान झटकन उघडावं म्हणून मीच तसं केलं होतं. वीसेक आकडे, त्यांच्यासाठी अर्धा तास का? तेव्हा विचारच केला नव्हता. आता आकडा बदलला की मेमरीतला जुना लगेच पुसला जातो. दोन ओळींचं काम होतं.

संध्याकाळी मामांना फोन केला.

"मामा, सिस्टरची चूक नव्हती. माझ्या साईटनं अर्धा तास जुना आकडा दाखवला."

मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"आगं, मी त्या बाईला लई बोललो," ते म्हणाले. "समद्यांसमोर खोटारडी म्हणलो. उद्या माफी मागाय जातो. तू बी चल."

येते म्हटलं.