चेचीच्या लॅपटॉपवर लिनक्स

३ जानेवारी
चेचीनं शेवटी लॅपटॉप दाखवला. पडदा मागे दुमडला की पाटीसारखा होतो, सोबत पेन. सव्वीस वर्षं पय्यनूरच्या शाळेत गणित शिकवलं माझ्या या थोरल्या बहिणीनं. ऑक्टोबरात घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. आता चिठ्ठ्या लिहून बोलते. आजची चिठ्ठी — 'सुगता, पडद्यावर लिहीन, पोरांना भिंतीवर दिसेल असं करून दे.'
शाळेतल्या सगळ्या यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ती मीच सांभाळतो. म्हटलं, दोन दिवसांत देतो.

४ जानेवारी
तिच्याच घरी बसून जुनं सगळं पुसलं. "पुसू ना?" विचारलं. ती जरा थांबली, मग हो म्हणून मान हलवली. लिनक्स चढायला वीस मिनिटं. लॅपटॉप घरी आणलाय.

६ जानेवारी
पडदा फिरवला की पेनाची रेघ भलतीकडेच उमटते. तळहात टेकला तरी रेघोट्या. बोटानं टिचकी मारली तर पडद्यावर कीबोर्ड येत नाही. दोन दिवस म्हणालो होतो.

९ जानेवारी
भावोजी आले. करुणनभावोजी एरवी थट्टेशिवाय तोंड उघडत नाहीत. आज दारातच उभे राहून विचारलं, "त्यातले तिचे धडे काढून ठेवलेस ना रे?"
कसले धडे?
"ऑपरेशनआधी रेकॉर्ड केलेले. चाळीस आहेत. तिचा आवाज आहे त्यात."
माझी नजर टेबलावरच्या लॅपटॉपकडे गेली. त्यांना कळलं. चहा न घेता गेले.

१० जानेवारी
पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय करून पाहिले. काही नाही. नवं सगळं त्यावरच चढवलंय मी.
'पुसू ना?' — टेबल पुसायचं विचारावं तसं विचारलं. तिला काय कळणार आत काय जातंय ते? एकदा उघडून बघायला काय झालं होतं? इतरांना पन्नासदा बजावतो, आधी प्रत काढा.

१४ जानेवारी
तिच्याकडे गेलोच नाही. नुसता पेनाच्या मागे लागलोय. रेघ जागेवर आली. पडदा कसाही फिरवा, येते. तळहात टेकल्यावरच्या रेघोट्याही गेल्या. आनंद होत नाही.

१७ जानेवारी
आज सांगितलं तिला. "चेची, माझ्या हातून तुझा आवाज गेला." तिनं माझा हात थोपटला आणि पुट्टू वाढलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण ओरडणार कशी.

२० जानेवारी
आठवीचा वर्ग. मी मागच्या बाकावर. चेची पोरांकडे तोंड करून लिहीत होती, भिंतीवर त्रिकोण उमटत होते. एक पोरगी म्हणाली, "टीचर, आधी फळ्यावर लिहिताना तुमची पाठच दिसायची." चेची हसली. आवाज न करता, पण पोट धरून.
भावोजी दाराशी उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ जानेवारी
चेचीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्यावर तिच्या अक्षरात —
'धडे आत आहेत हे मला माहीत होतं, म्हणून तर मान हलवली. रोज संध्याकाळी तुझे भावोजी ते धडे लावून बसायचे. मी शेजारच्या खोलीत असायचे. एकदाही हाक मारली नाही मला. त्यांना सांगू नकोस.'