सुलक्षणाच्या कानातली खूण

मी, धोंडाबाई बाजी ढेबे, वय अदमासे अडुसष्ट, धंदा म्हशी पाळणे, राहणार पालीच्या वरची वस्ती, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, आज माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणी दम देऊन किंवा गोड बोलून हे माझ्याकडून काढून घेतलेलं नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगते आणि वकीलसाहेब लिहितात. ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात भांडणं घालत नाहीत." मी म्हणाले, "म्या बोलते तसं लिवा, न्हाईतर दुसरा वकील बघते." तेव्हा लिहायला लागले.

माझं काळीज दमलं आहे. गोठ्यापासून दारापर्यंत आलं तरी धाप लागते. औषध चालू आहे, पण डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघतात, त्यावरून काय ते समजले.

हे लिहायचं कारण आधी सांगते. माझी सून सुलक्षणा, माझा मुलगा दत्ता याची बायको, वरवे बुद्रुकला माहेरी जाऊन बसली आहे. सासूला ती आत्या म्हणते. तिला वाटतं, आत्याने मला हाकललं. मी हाकललं नाही, देवाशपथ नाही. मरायच्या आत तिला हे कळलं पाहिजे. मोबाईलवरचं ती आता काहीएक खरं मानत नाही. सरकारी शिक्क्याचा कागद तरी मानेल, एवढीच आशा उरली आहे.

कलम पहिलं. घडलं ते.

आमच्या वस्तीवर रेंज येत नाही. रेंज येते ती फक्त माझ्या वरच्या रानातल्या मोठ्या दगडावर. म्हणून आमच्यात रीतच पडली आहे. जो गुरं घेऊन वर जाईल त्याने सगळ्यांचे मोबाईल पिशवीत घालून न्यायचे, दगडावर बसून आलेले निरोप मोठ्याने वाचायचे, आणि खालून आम्ही ओरडून सांगू ते उत्तर टाइप करायचं. कुणाकडे पावणे येणार, कुणाची गाय विकली, सगळ्या वस्तीला ठाऊक. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. लपवायचं होतंच काय आमच्याकडे?

त्या दिवशी दत्ता वर होता. माझ्या मोबाईलवर कुणा बाईचा फोन आला. रेशनकार्डाचं काम आहे, आत्ता एक आकडा आला असेल तो सांगा, म्हणाली. दत्ताने रोजच्यासारखा खणखणीत वाचला. खाली मीपण ऐकला. "आय, तुजं रेशनचं काम झालं गं," असं ओरडलासुद्धा. आणि माझं व्हॉट्सॲप चोरांच्या हातात गेलं. नाव माझं, फोटो माझा, आत बसलेला भलताच.

सुलक्षणा तेव्हा जत्रेला माहेरी गेली होती. चोराने आमच्या पावण्यांच्या ग्रुपातून तिचा फोटो उचलला, त्याला कुठलं घाणेरडं अंग जोडलं, आणि परक्या नंबरावरून तिलाच पाठवून पैसे मागितले. पोर घाबरली. नवऱ्याला सांगायची छाती होईना, म्हणून तिने मला लिहिलं, "आत्या, कुणीतरी माझा खोटा फोटो केलाय. मला लई भ्या वाटतंय. काय करू?" माझ्यावर भरवसा ठेवून लिहिलं. वाचलं चोराने. उत्तर गेलं, "आम्हाला तोंड दाखवू नको. या घरात पाय ठेवायचा नाही." आणि वर तो फोटो माझ्याच नावाने ग्रुपात टाकला.

लोक म्हणतात, सासूला लिहिता येत नाही हे सुनेला ठाऊक होतं, मग तिने मानलं कसं? अहो, आमच्याकडे प्रत्येकाचं उत्तर दुसराच टाइप करतो! तिला वाटलं, आत्या खालून ओरडली आणि वरून कुणीतरी लिहिलं. म्हणजे सगळ्या वस्तीने ऐकलं आणि एकही माणूस मधे पडला नाही. माझी लेकरासारखी पोर, तिने ती रात्र कशी काढली असेल? हे मनात आलं की मला घास जात नाही.

माझी पुतणी अश्विनी नसरापूरला कामाला आहे. तिने मोबाईल हातात घेतल्याबरोबर ही चोरी ओळखली. मोबाईलवरच्या चोरीसाठी सरकारचा १९३० नंबर आहे, त्यावर फोन लावला, पोलिसांत नेलं, माझं व्हॉट्सॲप परत मिळवलं. पण तोवर दत्ताने फोटो बघून, काही न विचारता, दगडावरूनच बायकोला नको ते बोलून घेतलं होतं.

मी जीप करून वरव्याला गेले. अंगणात बसून राहिले. सुलक्षणा बाहेर आली नाही. तिची आई हौसाबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "विहीणबाई, पोरगी म्हणती, तोंडावर गोड बोलत्यात आन् मागनं ग्रुपात टाकत्यात. तुमी खऱ्या कशावरनं?" चहा तसाच ठेवून परत आले.

कलम दुसरं. वस्तीवरचं घर, गोठा आणि दारची जमीन सुलक्षणाला. ती दत्ताबरोबर नांदो वा न नांदो. तिला त्या घरातून जा म्हणायचा अधिकार कुणाला नाही, दत्ताला तर नाहीच नाही.

कलम तिसरं. माझ्या सगळ्या म्हशी सुलक्षणाला. भिंगरी म्हैस तिच्याशिवाय धार देत नाही, दत्ताला लाथ मारते. बरं करते.

कलम चौथं. वरचं रान दत्ताला, पण अट आहे. त्याने त्याच दगडावर उभं राहून, जसा आकडा वाचला तसंच खणखणीत ओरडायचं, "माझ्या बायकोचा फोटो खोटा होता आन् म्या तिला इचारलं न्हाई." खालून अश्विनीने ऐकलं म्हणजे झालं. नाही ओरडला तर रानही सुलक्षणाचं. दत्ता, तू माझ्या पोटचा आहेस, तुझ्यावर माया आहेच. पण चोराला आकडा देताना तुला लाज वाटली नाही, मग खरं सांगताना कसली वाटते?

कलम पाचवं. तो दगड माझ्या जमिनीच्या गटात येतो. बसायची मोकळीक सगळ्यांना. पण तिथे कुणी दुसऱ्याचा आकडा वाचायचा नाही, दुसऱ्याच्या नावाने उत्तर टाइप करायचं नाही. ज्याचा मोबाईल त्याने न्यायचा. पाय चालत नसतील तर निरोप उद्या कळेल, जग बुडत नाही. पिशवी जाळून टाकावी.

कलम सहावं. दिराचा मुलगा इंद्रजित याने तो फोटो हसरी तोंडं लावून मित्रांना पाठवला. माझ्या मालकांचं घोंगडं मी त्याला कबूल केलं होतं. ते आता भिंगरीच्या रेडकाखाली अंथरा.

कलम सातवं. माझा मोबाईल नंबर मी गेल्यावर अश्विनीने बंद करावा. मेल्यावर तरी माझ्या नावाने कुणी बोलू नये.

कलम आठवं. मी खरी कशावरून, ते. आमच्या घरात म्हशीखाली बसताना तिच्या कानाशी एक शब्द म्हणतात. तो सासू सुनेच्या कानात सांगते, बाप्यांना सांगत नाहीत. मला सासूने सांगितला, मी सुलक्षणाला. तो कधी दगडावरून ओरडला गेला नाही, कुठल्या मोबाईलमध्ये नाही, आणि इथेही लिहीत नाही. वकीलसाहेब, पेन थांबवा. पोरी, यापुढे माझ्या नावाने काहीही आलं तर आधी तो शब्द विचार. हा कागद मी मेल्यावर वाचायचा असतो हे मला समजतं. पण माझ्यात तेवढा दम नाही गं. साक्षीला मी तुझ्या आईला बोलावलं आहे, आणि अश्विनीच्या तोंडी तुला हाच निरोप आधी धाडला आहे. तिच्याजवळ शब्द देऊन ठेव, ती मला विचारेल. चुकले तर येऊ नको.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

निशाणी डावा अंगठा: धोंडाबाई बाजी ढेबे
मुक्काम वेल्हे, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: अमृत सावळाराम कचरे, राहणार पाली (सही)
साक्षीदार २: हौसाबाई ज्ञानू भोरडे, राहणार वरवे बुद्रुक (अंगठा)

लिहून घेणाऱ्या वकिलाची टीप: साक्षीदार क्रमांक २ यांनी अंगठा देण्यास प्रथम नकार दिला व लिहून देणार धोंडाबाई यांना खूण विचारली. लिहून देणार यांनी सर्वांचे मोबाईल बाहेर ठेवायला लावले, आम्हा पुरुषांना तोंड फिरवायला लावले आणि साक्षीदार क्रमांक २ यांच्या कानात काही सांगितले. साक्षीदार "पटली" एवढेच म्हणाल्या, अंगठा दिला आणि माझ्या कचेरीच्या जिन्यातून खाली हाक मारली. सौ. सुलक्षणा दत्ता ढेबे वर येऊन समक्ष हजर झाल्या. त्या लाभार्थी असल्याने त्यांची सही घेतलेली नाही.