कमुरत्यातलं कुलूप

९ डिसेंबर. सकाळी.
सोबती केंद्राचा अध्यक्ष होऊन सहा महिने झाले. एवढी जबाबदारी असलेल्या माणसाने रोजनिशी ठेवली पाहिजे. शोभाने विचारलं, ही कोण वाचणार? म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, मग ठीक आहे. बायकोचा पाठिंबा असला की अर्धी लढाई जिंकली.
संकल्प: मीटिंगमध्ये कमी बोलायचं, जास्त ऐकायचं. चहात साखर अर्धी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मीटिंग झाली. ऐकण्याचं महत्त्व या विषयावर मी तासभर बोललो. सगळे शांत होते. प्रभाव पडला.
मुख्य बातमी: केंद्राच्या मागची खोली तयार. चार खाटा, गाद्या, नवा पंखा. आमची विशेष मुलं दिवसभर केंद्रात साड्यांच्या घड्या घालतात, टिकल्या चिकटवतात आणि संध्याकाळी घरी जातात. आता आई-बाप आजारी पडले तर मुलांना रात्रीही इथे राहता येईल. खाटा दिल्या रमणीकभाई शेठनी. सुरतजवळ पलसाण्याला त्यांच्या मिलमध्ये मी डाइंग मास्टर होतो. शेठ माझा शब्द खाली पडू देत नाहीत. सव्वीस वर्षांत मी शब्द टाकला नव्हता, तो भाग वेगळा.
‘मुलं’ म्हटलं की जयश्रीताई दर वेळी टोकतात. त्या केंद्राच्या संचालिका. म्हणतात, दीपक छत्तीस वर्षांचे आहेत. बाई कामाची आहे, पण शब्दांत अडकते.

११ डिसेंबर.
मालतीबाई घरी आल्या. केंद्र त्यांनीच सुरू केलं, आपल्या ओट्यावर, आपल्या मुलासाठी, दीपकसाठी. नवरा नाही, दुसरं मूल नाही. ट्रस्टी आहेत, पण बोलतात कमी. आज बोलल्या. पोटात गाठ आहे. ८ जानेवारीला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका.
त्यांचं म्हणणं, “मना दीपकले आधी एक रात तठे झोपू द्या. तो झोपना का मंग मी टेबलवर चढसू.”
मी शब्द दिला. योगराज पाटलाचा शब्द. त्यांनी डोळे पुसले. शोभानेही पुसले. मलाही जरा भरून आलं. वरणाला फोडणी दिली होती, तिचा धूर असावा.

१५ डिसेंबर.
एक अडचण. उद्यापासून कमुरता. उत्तरायण होईपर्यंत गुजराती शेठ शुभकार्याला हात लावत नाहीत. म्हणजे उद्घाटन १४ जानेवारीनंतरच. आणि उद्घाटनाआधी खोली वापरली तर फीत कापायची कशाला? शेठना काय वाटेल? उष्ट्या ताटावर पाहुणा बसवल्यासारखं होईल.
जयश्रीताई म्हणाल्या, शेठना फोन करून विचारा. मी हसलो. इतक्या मोठ्या माणसाला असल्या बारीक गोष्टीसाठी फोन करतात का? त्यांचं मन मी ओळखतो.
खोलीला कुलूप लावलं. चावी माझ्याकडे. एकाच हातात असली की घोळ होत नाही.

१८ डिसेंबर.
कतारगामच्या कारागिराकडे कोनशिला टाकली. वर शेठ, खाली मी, त्याखाली उपाध्यक्ष सुकलालभाऊ. तारीख १५ जानेवारी. कारागिराने विचारलं, १५ नक्की? त्या दिवशी वासी उत्तरायण, सणाचा दुसरा दिवस, सगळी सुरत पतंग घेऊन गच्चीवर असते. म्हटलं, कामाची माणसं खाली उतरतात. कोरून टाक.
मालतीबाईंना आठ तारखेचं काय सांगायचं, ते मीटिंगमध्ये ठरेल. लोकशाही आहे.

२० डिसेंबर.
उद्या मीटिंग. विषय एकच: खोली आधी उघडायची की नाही.
गणित मांडलं. सुकलालभाऊ माझ्या बाजूने, त्यांचं नाव कोनशिलेवर आहे. मेडिकल स्टोअरवाला नितीन विरुद्ध. तरुण आहे, त्याला विरोध आवडतो. मालतीबाईंनी मत देऊ नये, विषय त्यांच्या घरचा. राहिला दीपक. केंद्रात येणाऱ्यांपैकी एक जण ट्रस्टी असावा ही माझीच कल्पना. पेपरात फोटोही आला होता, माझा आणि त्याचा, बराचसा माझा.
आज दुपारी दीपकला शिकवलं. मी चष्मा काढला की त्याने हात वर करायचा. पाच वेळा केला, पाच वेळा बरोबर. नानखटाई दिली. याला लोक मतिमंद का म्हणतात, कळत नाही. मी म्हणत नाही.

२१ डिसेंबर, रविवार.
मीटिंग.
मी प्रस्ताव मांडला: उद्घाटनापर्यंत खोली बंद. बाजूने असतील त्यांनी हात वर करावा. चष्मा काढला. दीपकने माझ्याकडे पाहिलं. उठला, माझ्या हातातून चष्मा घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. नितीन हसला. मी हसलो नाही.
मग दीपक उभा राहूनच बोलला. आई दवाखान्यात जाणार. मी मागच्या खोलीत झोपणार. “चावी द्या.” हात पुढे केला. पसरलेला हात विरोधाचं मत धरायचा का, यावर मी शंका काढली, पण त्याने दुसराही पसरला.
दोन विरुद्ध दोन: सुकलालभाऊ आणि मी, नितीन आणि दीपक. नियमाप्रमाणे अध्यक्षाचं निर्णायक मत. ते मी प्रस्तावाच्या बाजूने दिलं. संस्था भावनेवर चालत नाही.
मालतीबाई उठल्या. चपला घातल्या, दीपकचा हात धरला. दारात मागे वळून म्हणाल्या, “मंग मी बी उत्तरायण नंतरच.”

२२ डिसेंबर.
मालतीबाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं, १७ तारखेवर. म्हणजे दीपक १५ ला खोलीत झोपेल, त्या १७ ला टेबलावर चढतील. सगळं जमलं. नेतृत्व म्हणजे दुसरं काय? समोरच्याला स्वतःहून योग्य निर्णयाला येऊ द्यायचं.
जयश्रीताईंनी डॉक्टरांचं वाक्य पुन्हा ऐकवलं. म्हटलं, डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात.

३१ डिसेंबर.
गुजरातीत भाषण लिहिलं. आरशासमोर म्हटलं. फार उत्तम. मध्ये दोन ठिकाणी टाळ्यांसाठी जागा ठेवली आहे.
जयश्रीताईंचा फोन. मालतीबाई ओट्यावर बसून असतात, उठताना भिंत धरतात. थंडी आहे, या दिवसांत सगळेच धरतात. मीही सकाळी पलंग धरतो.

४ जानेवारी. रविवार.
शोभा मालतीबाईंकडे जाऊन आली. ताट समोर ठेवलं आणि आत गेली. भाकरी होती, ठेचा होता, शब्द नव्हता. मी विचारलं, काय झालं? आतून आवाज आला, “चावी काय तुमना बापनी शे का?”
नवीन वर्षाचा संकल्प: शोभाच्या रागाला उत्तर द्यायचं नाही. पाळला.
झोपताना एकदा वाटलं, देऊन टाकावी चावी. पण कोनशिलेवर तारीख कोरली आहे. दगडाला काय सांगणार?

१० जानेवारी, शनिवार.
लिहायला हात उचलत नाही, पण नियम म्हणजे नियम.
सकाळीच चलथाणला गेलो होतो. तिथल्या साखर कारखान्याचे एक डायरेक्टर ओळखीचे आहेत, त्यांना दुसरे पाहुणे म्हणून बोलावण्यासाठी. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मोठ्यांसमोर मोबाईल वाजू नये म्हणून सायलेंटवर होता. बाहेर आल्यावर पाहिलं, मिस्ड कॉलची रांग. जयश्रीताई, नितीन, शोभा, पुन्हा जयश्रीताई.
मालतीबाई ओट्यावरच कोसळल्या. १०८ आली, नेलं. गाठीने आतल्या आत रक्तस्राव. ताबडतोब ऑपरेशन.
आणि दीपक स्वतःची वळकटी काखेत मारून एकटा केंद्रात आला, मागच्या खोलीच्या दाराशी. कुलूप. चावी माझ्या खिशात, चलथाणला. सुकलालभाऊ हातोडा घेऊन आले. पहिल्याच घावाला दीपक कानांवर हात दाबून ओरडू लागला, म्हणून थांबावं लागलं. उन्हं उतरेपर्यंत तो दाराला पाठ लावून बसला होता. जयश्रीताई शेजारी. शेवटी शोभाने त्याला आमच्या घरी आणलं.
मी आलो तेव्हा तो माझ्या पलंगावर झोपला होता, वळकटी न सोडता, तिला धरून. मला भीती वाटली. कशाची ते लिहीत नाही.

११ जानेवारी.
मालतीबाई वाचल्या. अजून आयसीयूमध्ये.
देव आहे. आणि दीपकचा प्रश्नही आपोआप सुटला, आमच्या घरी मजेत आहे. घरासारखी निवासी सोय कुठे असते का? हे भाषणात घालावं.
मजेत, म्हणजे सकाळी उठल्यावर हात पुढे करून म्हणाला, “चावी द्या.” म्हटलं, चार दिवस थांब. तो थांबला. पेपर मी वाचण्याआधी साडीसारखा घडी घालून ठेवला. माझे शर्ट, टॉवेल, शोभाच्या ओढण्या, सगळ्यांच्या घड्या. कोपऱ्याला कोपरा.

१२ जानेवारी.
मालतीबाईंना भेटलो. वॉर्डात हलवलंय. नळ्या लावलेल्या. मी सांगितलं, काळजी करू नका, दीपक आमच्याकडे आहे, हवा तितका राहू दे. त्यांनी विचारलं, खोलीत झोपला का? म्हटलं, आमच्या घरी. त्यांनी पुन्हा विचारलं, खोलीत? मग डोळे मिटून म्हणाल्या, “तुमी तरी कितला दिन? मना मांगे हाऊ कोठे राही?”
मी खुर्चीवरून उठलो आणि नर्सला विनाकारण वेळ विचारली. घड्याळ माझ्याच हातात होतं.
घरी आल्यावर चावी टेबलावर काढून ठेवली. बराच वेळ पाहिली. मग वाटलं, तीन दिवसांसाठी आता शिस्त मोडली तर आधीचे सगळे दिवस वाया जातील. परत खिशात ठेवली.

१३ जानेवारी.
शेठना फोन केला. परवाच्या कार्यक्रमाची आठवण म्हणून. नेहमीप्रमाणे उभा राहून बोललो. म्हटलं, शेठ, तुमच्यासाठी खोली कोरी ठेवली आहे, कमुरत्यात कोणाला झोपू दिलं नाही.
त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग शेठ म्हणाले, “अरे पाटील, सुवामां वळी कमुरतां शेनां?” झोपायला कसला आलाय कमुरता? त्यांना वाटत होतं, मुलं खाटा गेल्या त्याच दिवसापासून तिथे झोपताहेत. आणि परवा ते कशाला येतील, वासी उत्तरायणला नातवंडं गच्चीवरून हलू देत नाहीत. फीत तूच काप, म्हणाले.
मी हो शेठ, हो शेठ म्हणालो. फोन ठेवून खाली बसलो. खुर्ची मागे नव्हती.
शोभा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तशीच आत निघून गेली. मला बोललेली चालली असती.

१४ जानेवारी. उत्तरायण.
विचार केला. शेठ येत नाहीत, हे एका अर्थी बरंच. अध्यक्षाच्या हस्ते उद्घाटन झालं की कार्यक्रमाला वजन येतं. आज संध्याकाळीच कुलूप काढणार होतो, पण मग वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न. दीपकने सकाळी हात पुढे केला. म्हटलं, उद्या. त्याने विचारलं, उद्या म्हणजे उद्या? म्हटलं, हो. शोभाने तिळाचे लाडू केले. त्याला दिले, मला डबा दाखवला.

१५ जानेवारी. उद्घाटन.
जे झालं ते असं.
खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. माणसं: जयश्रीताई, नितीन, शोभा, दीपक. सुकलालभाऊंचा गच्चीवरून फोन, मांजा हातात आहे, सोडता येत नाही. चलथाणचे डायरेक्टर फोन उचलत नव्हते. चारी बाजूंच्या गच्च्यांवरून “लपेट, लपेट” असा आरडाओरडा आणि भोंगे. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.
मी कुलूप काढलं, दार लोटून ठेवलं. चौकटीला लाल फीत बांधलेलीच होती. खिशातून भाषण काढलं. सुरुवात केली. पहिल्या टाळ्यांच्या जागेला थांबलो. एक पतंग तुटून अंगणात पडला.
पुन्हा सुरुवात करणार, तेवढ्यात दीपक वळकटी घेऊन पुढे आला. कात्री माझ्या हातात होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. फितीची गाठ सोडली, आधी एका बाजूची, मग दुसरी. घाई नाही. फीत ताणली, मधोमध दुमडली, पुन्हा दुमडली, कोपऱ्याला कोपरा. छान घडी करून माझ्या हातात दिली. आत गेला. दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.
शोभाने खिडकीतून मोबाईल आत धरला. व्हिडिओ कॉलवर मालतीबाई होत्या, हॉस्पिटलच्या उशीवर. दीपकने खिडकीजवळची खाट निवडली, वळकटी उलगडली, भर दुपारी उताणा झोपला आणि छताकडे बघत म्हणाला, “माय, मी अठे झोपसू.” मालतीबाई रडत होत्या. म्हणाल्या, “झोप भाऊ. आते मी बी झोपस.” जयश्रीताई रडल्या. नितीन तोंड फिरवून उभा राहिला. फोडणी वगैरे काही नव्हतं, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.
जरा वेळाने मी दार वाजवलं. भाषण बाकी होतं, कोनशिलेवरचा पडदा बाकी होता, फोटो बाकी होता. पुन्हा वाजवलं. आतून दीपकने विचारलं, कोण? मी सांगितलं, अध्यक्ष.
तो म्हणाला, उद्या.
मी विचारलं, उद्या म्हणजे उद्या? आत खाट करकरली.
सगळे निघून गेले. मी खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. एका हातात फीत आहे. चावी अजून माझ्याच खिशात आहे. कडी आतून आहे.