सतरा नंबरचा सर्व्हर

मंगळवार, संध्याकाळ

ऑनलाइन खेळांचे भाड्याने दिलेले सर्व्हर निलंबित करायचं पॅनेल मी एकट्याने लिहिलं, कुठल्याही कॉलेजात न जाता. म्हणूनच आजचं पचत नाहीये. शिवीगाळ चालली होती एकाहत्तरवर आणि मी बंद केला सतरा. तिथे चाळीस जणांचा अंतिम सामना रंगात आला होता.

परत चालू करायला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. नियम माझाच. दुसरा माणूस म्हणजे आमची सुधा, ती कणीक मळत होती. कारणाच्या चौकटीत मी ‘तांत्रिक अडचण’ लिहून पाठवलं. तिने कोपराने फोन जवळ ओढला आणि नाकारलं.

“अहो, हे कारण पुरेसं नाही.”

“पॅनेल म्हणतंय?”

“मी म्हणतेय. अडचण कोणाची, ते स्वल्प नीट लिहा.” तिच्या बोलण्यात माहेरचं कानडी डोकावतं; स्वल्प म्हणजे जरा.

चाळीस जण खोळंबलेले. शेवटी त्या चौकटीत लिहिलं, ‘माझी चूक. नंबर नीट वाचला नाही.’

“आता सरी,” म्हणजे ठीक, असं म्हणून तिने मंजूर केलं. सामना पुढे सुरू झाला.

चौकटीतली ती ओळ तेवढी खोडायची होती. पण नोंदी कोणालाच खोडता येऊ नयेत, हा बंदोबस्तही मीच केलेला. काम चोख झालंय. तासभर प्रयत्न करून पाहिला.